किल्ल्यावरची तोफ कशी बसवायचे, कशी उडवायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किल्ल्यावर गेलं की आपण सगळेच आधी तोफेच्या नळीपाशी जातो. तिच्यावरून हात फिरवतो, तोंडात डोकावतो, फोटो काढतो. पण नळी म्हणजे निम्मीच तोफ. ती ज्याच्यावर बसायची, फिरायची आणि ज्याच्यावर धक्का सोसायची, तो निम्मा भाग बहुतेक ठिकाणी कुजून गेला किंवा भंगारात गेला. त्याच्या खुणा मात्र बुरुजाच्या दगडात अजून आहेत. गडांवरच्या भटकंतीत आणि तोफा हलवायच्या कामात जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले, त्यांची उत्तरं इथे एकत्र देतो आहे. उदाहरणं बहुतेक दख्खन, सह्याद्री आणि कोकणातली आहेत.

किल्ल्यावरच्या तोफेला मोठी चाकं असायची ना? चित्रांत तर तशीच दिसते.

चित्रात दिसते ती मैदानी तोफ. तिला बैल जोडून मजल दरमजल न्यायचं असे, म्हणून तिला माणसाच्या छातीपर्यंत येणारी, आऱ्यांची मोठी चाकं लागत. बुरुजावरच्या तोफेला कुठे जायचंच नसतं. तिला वळायचं असतं, वरखाली व्हायचं असतं, आणि बार उडाल्यावर मागे सरकून पुन्हा जागेवर यायचं असतं. उंच चाकांचा गाडा तिथे अडचणच करतो. तो जागा खातो, तोफ तटाच्या वर काढतो आणि गोलंदाजाला शत्रूच्या नेमात आणतो.

म्हणून तटावरच्या तोफांना तीन-चार वेगळ्या तऱ्हेच्या बैठकी होत्या. पहिली म्हणजे चार बुटक्या, भरीव चाकांचा जड गाडा. जहाजावरही हाच असे, आणि समुद्रकाठच्या किल्ल्यांवर युरोपीय तोफांबरोबर तो सर्रास आला. दुसरी म्हणजे फिरती बैठक, मधोमध खुंट आणि त्याच्याभोवती फिरणारी तोफ. तिसरी अगदी साधी, जाड ओंडक्यांची घडवंची किंवा दगडी ओटा. त्यावर नळी ठेवायची आणि मागे भक्कम आधार द्यायचा. जंबुरे, म्हणजे हलक्या, लहान तोफा, तर तटाच्या माथ्यावरच लोखंडी दुबेळक्यात बसवत. एक माणूस त्याची शेपटी धरून त्याला हवं तिकडे वळवू शके.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चाकांच्या लोखंडी गाड्यावर बसवलेल्या दोन तोफा आहेत. बरेच लोक त्यांना आंग्र्यांच्या तोफा समजतात. त्यांच्यावर इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या लो मूर कारखान्याचं नाव आहे आणि साल १८४९. म्हणजे आंग्र्यांची सत्ता गेल्यानंतरच्या काळातल्या. पण लोखंडी गाडा कसा दिसायचा हे समजायला त्या फार चांगल्या आहेत. खाऱ्या हवेत लाकूड टिकत नाही, म्हणून एकोणिसाव्या शतकात किल्ल्यांसाठी लोखंडी गाडे आले. त्यांचा एक तोटा होता. शत्रूचा गोळा लागला की लोखंडाचे तुकडे उडून गोलंदाजांनाच लागत.

बुरुजाच्या मधोमध फरशीला उखळासारखं गोल भोक असतं. ते कशासाठी?

हा प्रश्न कुणी विचारला की मला मनापासून आनंद होतो, कारण किल्ल्यावरच्या तोफेची खरी गोष्ट त्या भोकात आहे.

दख्खनच्या सुलतानांच्या काळात, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, इथल्या किल्ल्यांवर मोठ्या तोफा फिरत्या बैठकीवर बसवायची पद्धत रुळली. फरशीत भोक, भोकात जाड लोखंडी खुंट, खुंटावर इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखं दुबेळकं. नळीच्या दोन्ही बाजूंना आडवे खुंट असतात, ते या दुबेळक्याच्या दोन टोकांत बसतात. एवढ्यानं दोन्ही कामं होतात. मधल्या खुंटावर तोफ डावी-उजवी फिरते आणि आडव्या खुंटांवर वरखाली होते. मागचं बूड ओढून वळवायला माणसं लागतात, पण टनावारी वजनाची नळी उचलावी लागत नाही.

अशा तोफेसाठी बुरूजही वेगळा बांधावा लागे. तो गोल हवा आणि बाजूच्या तटापेक्षा उंच हवा, म्हणजे तोफेला चहूकडे मोकळं मिळतं. विजापूरचा उपळी बुरूज हा त्याचा उत्तम नमुना. तो १५८४ मधला. तटापासून सुटा उभा आहे आणि बाहेरून वळणारा जिना वर जातो. माथ्यावर दोन तोफा आहेत, त्यांतली लांब तोफ ९ मीटरहून जास्त लांबीची. नळदुर्गावरही असाच उंच उपळी बुरूज आहे. त्याच्या माथ्यावर चढलात की हत्ती तोफ आणि मगर तोफ बघालच, पण आधी पायाखालची फरशी बघा.

फिरती तोफ म्हणजे काय ते डोळ्यांनी बघायचं असेल तर दौलताबादला जा. तिथली मेंढा तोफ ओतीव ब्राँझची आहे. बुडाशी मेंढ्याचं डोकं आणि अंगावर औरंगजेबाचं नाव. ती मोकळ्या गोल बुरुजावर मधल्या खुंटावर बसवलेली आहे. तिच्याभोवती एक फेरी मारा. बुडाकडची माणसं कुठे उभी राहत असतील, कुठून जोर लावत असतील, ते आपोआप कळतं.

खुंटाचं भोक नीट बघितलं तर आणखी काही सापडतं. कडेचा दगड एकाच बाजूला जास्त झिजला असेल, तर तोफेचा भार आणि धक्का तिकडे जात होता. भोवती गोलाकार घासलेला पट्टा असेल, तर बुडाखालचं लाकूड किंवा चाक तिथून फिरत असे. अशा भोकात कुणीतरी झेंड्याची काठी सिमेंटनं पक्की केलेली मी पाहिली आहे. करणाऱ्याचा हेतू चांगला होता, पण तीन-साडेतीनशे वर्षांची खूण त्या सिमेंटखाली गेली.

मुलुख मैदान एवढी प्रचंड तोफ फिरवत कशी असतील?

थोडक्यात सांगायचं तर फार फिरवत नसत. मुलुख मैदान १५४९ मध्ये अहमदनगरला मुहम्मद बिन हुसेन रूमी या कारागिरानं ओतली. वजन अंदाजे ५५ टन, लांबी साडेचार मीटरच्या आत-बाहेर आणि तोंडाचा आतला व्यास सुमारे ७० सेंटिमीटर. निजामशाही संपत आली तेव्हा ती परंड्याहून विजापूरला आली, साल १६३२.

एक हिशेब करून बघा. एवढ्या तोंडात मावेल असा काळ्या दगडाचा गोळा घेतला तर तो साडेचारशे किलोच्या घरात जातो. तो उचलायलाच आठ-दहा माणसं आणि दोर-कप्पी हवी. मग एका दिवसात किती बार होणार? अशा तोफेचं मोठं काम दरारा हे होतं. ती तटावर आहे ही बातमीच शत्रूच्या छावणीत पुरेशी असे. रोजच्या लढाईचं काम तिच्या शेजारच्या मध्यम तोफा आणि जंबुरे करत.

बार भरायचे कसे? पहिल्यापासून सांगा.

तोफेचं तोंड पुढे, बूड मागे, आणि बुडाच्या वरच्या अंगाला बारीक भोक. या भोकाला जुन्या मराठीत काना म्हणतात. सगळी भरणी तोंडातून होते, बत्ती मात्र कान्यात दिली जाते.

आधीचा बार उडाला असेल तर पहिलं काम सफाईचं. लांब काठीला वळणदार लोखंडी आकडा लावून आत उरलेले चिंध्यांचे, थैलीचे तुकडे बाहेर ओढायचे. मग ओला कुंचा थेट बुडापर्यंत घालून फिरवायचा. हे काम चुकवलं तर जीव जातो. आत एखादी ठिणगी राहिली आणि तिच्यावर नवी दारू पडली, तर बार तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातातच उडतो. म्हणून कुंचा फिरत असताना आणि गज ठासत असताना बुडापाशी एक माणूस कान्यावर अंगठा दाबून उभा राही, म्हणजे आत हवा जाऊन ठिणगी फुलत नसे. नळी तापलेली असे, त्यामुळे अंगठ्याला चामड्याची टोपी.

मग दारू. जुन्या काळी ती मोकळी असे. लांब दांड्याच्या तांब्याच्या पळीनं बुडापर्यंत न्यायची आणि पळी उलटी करायची. पुढे कापडाच्या थैलीत मापून ठेवायची पद्धत आली. तिच्यामुळे वेळ वाचला आणि मापही चुकेनासं झालं. दारूचं वजन साधारण गोळ्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत. वर काथ्याचा किंवा गवताचा बोळा घालून गजानं ठासायचा. मग गोळा. तोफ खालच्या अंगाला रोखलेली असेल तर गोळ्यापुढेही एक बोळा, नाहीतर गोळा घरंगळत तोंडातून बाहेर.

आता मागे यायचं. कान्यातून लांब सुई घालून थैली टोचायची, कान्यात बारीक दारू भरायची. ही रंजक. नेम धरून झाला की सगळे चाकांच्या वाटेतून बाजूला होतात. काठीच्या टोकाला गुंडाळलेला पेटता तोडा, म्हणजे हळू जळणारी वात, घेऊन एक जण बाजूनेच हात लांब करतो आणि रंजकीला टेकवतो. कान्यातून आधी वर ज्वाळा उसळते आणि त्याच क्षणी तोफ मागे फेकली जाते. कान्याच्या थेट वर कुणी डोकं किंवा हात धरत नसे. ही शिस्त नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवावी लागे.

एका तोफेला किती माणसं लागत? आणि एका तासात किती बार?

मध्यम तोफेला, म्हणजे साधारण ११ किलोचा लोखंडी गोळा फेकणाऱ्या आणि स्वतः अडीच टन भरणाऱ्या तोफेला, आठ-दहा माणसं सोयीची पडतात. जाणकार त्यांतले दोघे-तिघे. एक नेमाचा, एक कान्याचा, एक गजाचा. बाकीचे पहारी लावून तोफ सरकवणारे आणि दारू-गोळे आणून देणारे.

तरबेज टोळी अशा तोफेतून दोन-तीन मिनिटांना एक बार काढू शकते, पण ते थोडाच वेळ. नळी तापते, माणसं दमतात, धुरानं समोरचं दिसेनासं होतं. वेढ्याच्या दिवसांत तासाला आठ-दहा बार हा टिकणारा वेग समजा. फार मोठ्या तोफांना एकेका बाराला बराच वेळ लागे.

भरणीला लागणारा हा वेळच तोफेचा सगळ्यात मोठा दुबळेपणा. १५२० मध्ये रायचूरजवळ इस्माईल आदिलशहानं शेकडो तोफा एकदम डागल्या आणि विजयनगरची आघाडी फोडली. पण पुन्हा बार भरून होईपर्यंत कृष्णदेवरायाची फौज सावरून अंगावर आली. ती लढाई मैदानातली होती. तटामागच्या गोलंदाजाला निदान भिंतीचा आडोसा तरी मिळे, आणि एकाच वेळी सगळ्या तोफा रिकाम्या न करण्याचा शहाणपणा दाखवता येई.

धक्क्यानं तोफ मागे जाऊन बुरुजावरून पडत नसे का?

मोकळ्या चाकांवरची तोफ एका बाराला दोन-तीन मीटर मागे येते. बुरुजावर तेवढी जागा असेलच असं नाही. म्हणून तोफेखालची फरशी किंवा फळ्यांची बैठक तटाच्या दिशेला जराशी उतरती ठेवत. तोफ मागे जाताना तिला चढ चढावा लागतो, त्यात जोर मरतो, आणि पुन्हा पुढे ढकलणं सोपं जातं. शिवाय दोन्ही बाजूंना लोखंडी कड्यांतून जाड दोर ओवून ते तटाला बांधत. खुंटावर फिरणाऱ्या तोफेला मागे सरकायची मुभा नसते. तिचा धक्का खुंटातून सरळ बुरुजात जातो, म्हणून तिथला चौथरा भरीव आणि चुन्यात पक्का बांधलेला लागतो. मातीच्या भरावावर नुसती फरशी टाकलेल्या बुरुजावर मोठी तोफ होती असं कुणी सांगितलं, तर जरा थांबून विचार करा.

नेम कसा धरायचे?

डावी-उजवीकडे पहारींनी. वरखाली करायला बुडाखाली लाकडी पाचर. पाचर आत ठोकली की बूड उचललं जातं आणि तोंड खाली जातं, बाहेर ओढली की तोंड वर. पुढे पाचरीच्या जागी मळसूत्र आलं. नळी बुडाकडे जाड आणि तोंडाकडे बारीक असते, त्यामुळे वरच्या कडेवरून डोळा लावला तर नळीचं पोकळ अंग खरोखर जरा वर रोखलेलं असतं. चांगल्या गोलंदाजाला हा फरक हाताच्या सवयीनं ठाऊक असे. आपल्या बुरुजावरून समोरच्या झाडापर्यंत, ओढ्यापर्यंत, टेकाडापर्यंत पाचर किती आत हवी, याच्या खुणा करून ठेवता येत. किल्ल्यावरच्या गोलंदाजाचा हा मोठाच फायदा होता. शत्रूला दर वेळी नवा अंदाज बांधावा लागे, याची जागा ठरलेली.

गाईड सांगतात तोफेचा पल्ला दहा-बारा किलोमीटर होता. खरं का?

नाही. गुळगुळीत नळीची, काळ्या दारूची तोफ गोळा फार तर दोन-अडीच किलोमीटरवर टाकते. नेमानं काही फोडायचं असेल तर आठशे मीटर ते एक किलोमीटर, आणि भिंतीला खिंडार पाडायचं असेल तर त्याहून बरंच जवळ यावं लागतं. कारण साधं आहे. गोळा नळीत घट्ट बसत नाही. ११ किलोचा गोळा १४ सेंटिमीटरचा, तर नळीचं तोंड त्याहून पाचेक मिलिमीटर मोठं. तेवढी फट ठेवली नाही तर काजळी साठल्यावर गोळा आत जाणारच नाही. त्या फटीतून जोर वाया जातो आणि गोळा नळीत आपटत आपटत बाहेर पडतो.

जंजिऱ्याच्या कलाल बांगडी तोफेचा मान दहा-बारा किलोमीटरचा आकडा जोडल्यानं वाढत नाही. समोरची खाडी आणि किनारा तिच्या माऱ्यात होता, आणि जंजिऱ्याचं रक्षण करायला तेवढं पुरेसं होतं.

कलाल बांगडी, बांगडी तोफ, पंचधातूची तोफ… हे प्रकार काय?

बहुतेक जुन्या तोफा दोनच तऱ्हेच्या. एक ओतीव, तांबं आणि कथिल मिळवून केलेल्या ब्राँझच्या. मुलुख मैदान आणि मेंढा या त्यांतल्या. दुसऱ्या घडीव लोखंडाच्या. लोखंडाच्या लांब पट्ट्या नळीसारख्या एकाला एक लावायच्या आणि वरून तापवलेली लोखंडी कडी ठोकून बसवायची. कडं निवलं की आवळतं. कड्यांची ही रांग हातातल्या बांगड्यांसारखी दिसते, म्हणून बांगडी तोफ. लोहारकामाची ही थोर परंपरा आहे. तंजावरच्या तटावरची राजगोपाल तोफ याच तऱ्हेची. ओतीव लोखंडाच्या तोफा प्रामुख्यानं युरोपातून आल्या.

“पंचधातू” हा शब्द गडांवरच्या फलकांवर फार सैल वापरला जातो. गंज न धरणारी, हिरवट झाक असलेली तोफ दिसली की ती पंचधातूची म्हणून मोकळे होतात. तिला ब्राँझची म्हणणं जास्त बरोबर.

एवढी जड तोफ गडावर चढवायचे कशी?

माणसं, बैल, काही ठिकाणी हत्ती, दोर, ओंडके आणि भरपूर दिवस. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगानं पुरंदरच्या वेढ्यात वज्रगडासमोर मोठ्या तोफा चढवल्या. अब्दुल्ला खान, फत्ते लष्कर अशी त्यांची नावं. एकेक वर न्यायला तीन-तीन दिवस लागले. त्या तोफांनी वज्रगड १४ एप्रिलला पाडला, आणि मग तिथून पुरंदरवर मारा करता आला.

पद्धत साधी वाटते. गाडा आणि नळी वेगळी करायची. नळी जाड लाकडाच्या घसरगाडीवर बांधायची, खाली गोल ओंडके, वर झाडाला किंवा कातळात ठोकलेल्या मेखेला कप्पी. दोर ओढणारे वर, आणि मागे पाचर घेऊन दोघे जण. तोफ वीतभर सरकली की पाचर पुढे. दोर तुटला तर पाचरच सगळ्यांना वाचवते.

एकदा झुडपात पडलेली एक लहान नळी, असेल सात-आठशे किलोची, आम्ही पंचवीस जणांनी पुरातत्त्व खात्याच्या परवानगीनं बुरुजापर्यंत नेली. अंतर जेमतेम दीडशे मीटर. आमच्याकडे तिकाटणं होतं, चेन ब्लॉक होता, नायलॉनचे पट्टे होते. सकाळी सातला सुरुवात केली आणि दिवे लागायच्या वेळी तोफ जागेवर आली. शेवटच्या अकरा पायऱ्यांनीच तीन तास खाल्ले. पायरीच्या कडेवर नळी टेकली की एका बाजूला कलंडू बघते, आणि तेव्हा ती हातानं धरायला जायचं नसतं, हे आम्हाला आधी बजावून सांगितलं होतं. त्या दिवसानंतर पुरंदरच्या त्या तीन दिवसांकडे बघायची माझी नजर बदलली.

मग डोंगरी किल्ल्यांवर तोफा इतक्या कमी आणि लहान का?

एक कारण आत्ताच सांगितलं, चढवायचे कष्ट. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. उंच कड्यावरून थेट खाली तोफ रोखता येत नाही. तोंड फार खाली केलं की बूड वर येतं, गाडा धक्का सोसत नाही आणि गोळा पुढे सरकतो. युरोपीयांनाही हीच अडचण होती. जिब्राल्टरच्या वेढ्यात, १७८२ मध्ये, जॉर्ज कोलर या अधिकाऱ्यानं खालच्या दिशेला मारा करण्यासाठी मुद्दाम वेगळा गाडा तयार केला, कारण नेहमीच्या गाड्यावरून खालच्या शत्रूला गोळा लागेच ना.

आपल्याकडे कड्याखालच्या शत्रूसाठी दगडधोंडे, जंबुरे आणि बंदुका होत्या. मोठी तोफ ठेवली जाई ती माचीच्या टोकाला, दरवाज्याच्या वाटेवर किंवा शेजारच्या टेकाडासमोर, जिथून शत्रू तोफ लावील अशी शंका असे. एखाद्या गडावर तोफ पडलेली दिसली की तिथे उभं राहून समोर काय दिसतं ते बघा. १८१८ मध्ये इंग्रजांनी रायगडावर उखळी तोफांनी आजूबाजूच्या उंचवट्यांवरून मारा केला, गडावरच्या इमारती पेटल्या आणि १० मे रोजी गड गेला. उखळी तोफ गोळा उंच उडवून तटापलीकडे टाकते. तिच्यापुढे कड्याचा उपयोग संपला होता.

मोठ्या तोफेशेजारी पाण्याचं टाकं असतं. बत्ती देऊन गोलंदाज त्यात उडी मारायचा म्हणे?

ही गोष्ट विजापूरपासून पुढे बऱ्याच किल्ल्यांवर ऐकू येते. कानठळ्या बसू नयेत म्हणून उडी. पण तोडा लागल्यावर बार उडायला क्षणभरच लागतो, तेवढ्यात उडी मारून होत नाही. पाणी हवं असे ते ओल्या कुंच्यासाठी, तापलेल्या नळीसाठी, आणि दारूजवळ काही पेटलं तर विझवायला. बादलीभर पाण्यावाचून पुढचा बार भरताच येत नाही. टाकं तोफेजवळ असण्याचं कारण माझ्या मते एवढंच, आणि ते पुरेसं मोठं कारण आहे. गोलंदाजांच्या कानांचं नुकसान मात्र खरंच होत असणार.

दारू कुठे ठेवायचे? आणि सह्याद्रीच्या पावसात तोफांचं काय?

तोफेजवळ फक्त चार-सहा बारांपुरती दारू, तीही झाकून. बाकीची दारूकोठारात, वस्तीपासून दूर. आत लोखंडी अवजार न्यायचं नाही, लाकडी किंवा तांब्याचं चालतं, कारण ठिणगीची भीती.

पावसाळ्याबद्दल रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात जे सांगितलं आहे ते वाचताना त्यांनी स्वतः गडावर उभं राहून सगळं पाहिलं असावं असं वाटतं. दारूखाना घरांपासून लांब असावा, दारू आणि बाण दर आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून ऊन द्यावं, पुन्हा मोहोर करून ठेवावं. पावसात तोफांना तेल-मेण द्यावं, कान्यात मेण भरावं आणि वर खोप घालावी. काना मेणानं बंद करायचा हा तपशील बघा. नळीत पाणी शिरायची मुख्य वाट तीच. तोंड खाली करून ठेवता येतं, काना मात्र आभाळाकडेच असतो.

काना ठोकणे म्हणजे काय?

तोफ शत्रूच्या हाती जाणार असं दिसलं की कान्यात पोलादी खिळा ठोकून वरून तोडून टाकायचा. बत्ती देता येत नाही, तोफ मुकी. नंतर तो खिळा काढायचा तर भोक पुन्हा पाडावं लागे. आजही काही नळ्यांचे काने असे बंद दिसतात. त्यांत नुसती माती किंवा गंज आहे की खरोखर खिळा, हे जाणकाराशिवाय ठरवू नका, आणि स्वतः टोचून तर अजिबात बघू नका.

तोफा फुटायच्या का?

फुटायच्या. ओतताना आत पोकळी राहिली, दारू जास्त झाली, गोळा मधेच अडकला, की नळी फुटे. १४६० मध्ये स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स स्वतःच्याच फुटलेल्या तोफेनं मेला. ब्राँझची नळी सहसा फुगून चिरते आणि आधी थोडी सूचना देते. ओतीव लोखंड एकदम तुकडे होऊन उडतं. तांब्या-कथिलाचा खर्च परवडणारे राजे ब्राँझला का चिकटून राहिले, त्याचं हे एक कारण.

आमच्या गडावरच्या तोफेला नवा सागवानी तोफगाडा करायचा आहे. कसा करावा?

नळी जमिनीवर मातीत पडून गंजण्यापेक्षा गाड्यावर आली तर चांगलंच, आणि हे काम करणाऱ्या मुलामुलींबद्दल मला मनापासून आदर आहे. पण एकच नक्षीदार, मोठ्या चाकांचा नमुना सगळीकडे बसवू नका. एका किल्ल्यावर असा गाडा इतका उंच झाला की तोफेचं तोंड झरोक्यात येण्याऐवजी वरच्या भिंतीकडे रोखलेलं राहिलं. झरोक्याच्या तळाची फरशीपासूनची उंची आधी मोजली असती तर हे टळलं असतं.

आधी बुरूज मोजा. झरोक्याची उंची आणि रुंदी, फरशीचा उतार, खुंटाचं भोक, दोर बांधायची कडी, तटात राहिलेल्या खाचा. मग नळी मोजा. लांबी, तोंडाचा व्यास, आडव्या खुंटांची जाडी आणि त्यांचं बुडापासूनचं अंतर. या मापांवरून गाड्याची उंची जवळजवळ ठरतेच. मधोमध भोक असेल तर तिथे चाकं नकोतच, तिथे फिरती बैठक होती. ब्राँझच्या नळीला लोखंडी पट्टा थेट लावू नका, मध्ये चामडं किंवा लाकूड ठेवा. आणि घासून चकाचक करायचा मोह टाळा. वरचा थर गेला की पुसट अक्षरंही जातात.

किल्ला केंद्राच्या ताब्यात असेल तर १९५८ चा कायदा लागू होतो, राज्याच्या ताब्यात असेल तर राज्याचा. दोन्हीकडे लेखी परवानगीशिवाय तोफ हलवणं गुन्हा ठरू शकतं.

गडावर पुरलेली किंवा दरीत पडलेली तोफ सापडली तर?

हलवू नका, पूर्ण उकरूही नका. कोणत्या दिशेला तोंड आहे, किती भाग जमिनीत आहे, शेजारी कोणता बुरूज आहे, याची नोंद करा. शेजारी मोजपट्टी ठेवून चारही बाजूंनी फोटो काढा, बुडाचा आणि आडव्या खुंटांच्या टोकांचा फोटो वेगळा, कारण कारखान्याची खूण आणि साल बहुधा तिथेच असतं. अक्षरं असतील तर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात किंवा बाजूनं विजेरी धरून फोटो घ्या. खडू भरू नका. जागा समाजमाध्यमांवर टाकण्याआधी पुरातत्त्व खात्याला किंवा तहसील कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या.

आणि तोफ वरून पडलेली वाटत असेल, तर वर चढून तो बुरूज शोधा. तिथल्या फरशीत ते गोल भोक आहे का, तेही बघून नोंदीत लिहा.